अटी कोण घालणार?

घानाची राजधानी अक्रा इथे ‘आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड’ या संस्थेचं मुख्यालय आहे. नायजेरियाच्या बिसी आदेलेये-फायेमी, युगांडाच्या समाजशास्त्रज्ञ हिल्डा टाड्रिया आणि घानाच्या वकील जोआना फॉस्टर या तिघींनी २००० साली ती स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी अनुदानं द्यायला सुरुवात केली. अख्ख्या आफ्रिका खंडातल्या स्त्री-संघटनांना पैसा पुरवणारी आणि आफ्रिकन स्त्रियांनीच उभी केलेली ही पहिली निधी-संस्था. त्याआधी आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या नावाने पैसा येत नव्हता असं नाही. सरकारी मदत येत होती, चर्चची येत होती, मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची येत होती. पण कुठल्या संघटनेला, कोणत्या कामासाठी, किती महिन्यांसाठी आणि कोणत्या अटींवर पैसे द्यायचे हे लंडन, न्यूयॉर्क, हेग अशा शहरांत ठरायचं. या तिघींच्या संस्थेकडे आलेला पैसाही बराचसा युरोप-अमेरिकेतूनच आला. पण तो वाटण्याचा निर्णय आफ्रिकेत आला आणि आयुष्यभर चळवळीत काम केलेल्या बायकांच्या हातात आला. आफ्रिकेतल्या दातृत्वाच्या क्षेत्रात स्त्रियांचं नेतृत्व वाढतंय, प्रतिष्ठानांच्या प्रमुखपदी बायका येताहेत, याबद्दल आज सर्वत्र समाधानाने बोललं जातं. ते समाधान अकारण नाही. तरी या चर्चेत पद आणि अधिकार यांची गल्लत होते असं मला वाटतं. पैसा देणाऱ्या संस्थेच्या खुर्चीवर कोण बसलंय यापेक्षा तो पैसा कोणत्या अटींवर, किती काळासाठी आणि कोणाच्या निर्णयाने सुटतो, यावर स्त्रियांचं आयुष्य बदलणार की नाही हे अवलंबून असतं. आफ्रिकेतल्या गेल्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाने हे पुरेसं दाखवून दिलं आहे.

आधी पैशाचा आवाका पाहू. ‘एविड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्त्रीवादी संघटनेने जगभरातल्या स्त्री-संघटनांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. २०१० साली ७४० संघटनांचं मिळून वार्षिक उत्पन्न होतं सुमारे १० कोटी ६० लाख डॉलर. त्यांतल्या निम्म्या संघटना वर्षाला २० हजार डॉलरहून कमी पैशात चालत होत्या. त्याच सुमारास वर्ल्ड व्हिजन या एकाच आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेचं वर्षाचं उत्पन्न २५० कोटी डॉलरच्या पुढे होतं. दहा वर्षांनीही चित्र फारसं हललं नाही. २०२१ मध्ये ‘एविड’ने पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा विकासासाठीची सरकारी मदत आणि प्रतिष्ठानांची अनुदानं यांतला ९९ टक्के पैसा स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांपर्यंत थेट पोचतच नव्हता. त्याच वर्षी पॅरिसमधल्या ‘जनरेशन इक्वालिटी फोरम’मध्ये सरकारांनी, कंपन्यांनी आणि प्रतिष्ठानांनी मिळून ४,००० कोटी डॉलरची आश्वासनं दिली. स्त्री-पुरुष समतेवर खर्च करायची तयारी जगाकडे नाही, असं म्हणता येणार नाही. तयारी आहे. पण तो पैसा मोठ्या कंत्राटी संस्था, संयुक्त राष्ट्रांचे विभाग आणि सरकारी खाती यांच्यातून झिरपत जातो आणि शेवटी एखाद्या गावातल्या संघटनेच्या हाती येतो तेव्हा त्याला एक वर्षाची मुदत, ठरलेला कार्यक्रम आणि लाभार्थींची ठरलेली संख्या चिकटलेली असते.

ही मुदत आणि ही संख्या म्हणजे निव्वळ कार्यालयीन कटकट नव्हे. त्यांच्यामुळे कामाचं स्वरूपच बदलतं. दोनशे बायकांना कायद्याची माहिती देणारं शिबिर भरवलं तर त्याचे फोटो असतात, हजेरीपट असतो, खर्चाच्या पावत्या असतात. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कोर्टात गेलेल्या एका बाईबरोबर तीन वर्षं तारखांना जाणं, ती माघार घेऊ लागली की तिच्या माहेरच्यांशी बोलणं, पोलीस ठाण्यातला अधिकारी बदलला की नव्याने सुरुवात करणं, या सगळ्याला अर्जात रकाना नसतो. कार्यालयाचं भाडं आणि कार्यकर्तीचा पगार हा तर ‘संस्थात्मक खर्च’, तो शक्य तितका कमी दाखवायचा. त्यामुळे संघटना हळूहळू शिबिरं भरवणाऱ्या होतात. जमलेल्या कार्यकर्त्या दुसऱ्या प्रकल्पाच्या शोधात पांगतात. लढाईचं काम ज्यांना उत्तम येतं त्यांचे हात अहवाल लिहिण्यात गुंततात. आफ्रिकेतल्या स्त्री-निधींनी मुख्य खर्चासाठी, अनेक वर्षांसाठी आणि बिनअट पैसा देण्याचा आग्रह धरला तो यामुळे. नैरोबीतल्या ‘अर्जंट अॅक्शन फंड-आफ्रिका’ने त्याची दुसरी बाजू सांभाळली. कार्यकर्तीला धमक्या आल्या, तिला रातोरात घर बदलावं लागलं, अचानक एखादं विधेयक सभागृहात आलं, अशा वेळी महिनोन्‌महिने अर्जाची वाट न पाहता लहान रक्कम तातडीने देणं हे त्या निधीचं काम. दोन्ही प्रकारच्या निधींच्या पद्धती वेगळ्या, पण निर्णय लढणाऱ्या बाईच्या जवळ असला पाहिजे हे सूत्र दोन्हींचं सारखंच आहे.

आता कुणी विचारेल की संघटनांनाच पैसा का द्यायचा? शाळा, दवाखाने, कर्ज, शिवणयंत्रं यांतून स्त्रिया सक्षम होत नाहीत का? होतात, आणि ती कामं थांबावीत असं कोणीच म्हणत नाही. पण कायदा आणि सत्तेचा व्यवहार बदलायचा असेल तर कशाने बदलतो, याचा एक भक्कम अभ्यास उपलब्ध आहे. माला टुन आणि लॉरेल वेल्डन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ७० देशांमधली १९७५ ते २००५ या तीस वर्षांतली स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरोधातली धोरणं तपासली आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. देशाची श्रीमंती, डाव्या पक्षांची सत्ता, संसदेतल्या स्त्रियांची संख्या, या सगळ्यांपेक्षा धोरणं बदलण्यामागचं ठळक कारण ठरली ती स्वायत्त स्त्रीवादी चळवळ. यातला स्वायत्त हा भाग महत्त्वाचा. सरकारची किंवा पक्षाची शाखा नसलेली, आपले प्रश्न आपणच ठरवणारी चळवळ. अशी चळवळ दुसऱ्याच्या अटींवरच्या पैशावर जगू लागली तर तिची स्वायत्तता कितपत उरेल, हे वेगळं सांगायला नको.

घानाचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अक्रा आणि आसपास एकामागून एक स्त्रियांचे खून होत गेले आणि पोलीस ढिम्म होते. बायका रस्त्यावर उतरल्या, मोर्चे निघाले. त्या संतापातून आणि आधीपासून चाललेल्या कायद्याच्या कामातून कौटुंबिक हिंसाचारविरोधी विधेयकाची मागणी उभी राहिली. २००३ मध्ये संघटनांची आघाडी झाली, गावोगावी बैठका झाल्या, वकिलांनी मसुदे लिहिले, आणि कायदा मंजूर झाला तो २००७ मध्ये. या लढाईत सर्वांत मोठा अडथळा आला तो वैवाहिक बलात्काराच्या कलमावर. आणि त्या कलमाला जाहीर विरोध करणाऱ्यांमध्ये स्त्री व बालकल्याण खात्याच्या तत्कालीन मंत्रीही होत्या. मंत्रिपदावर एक बाई होती आणि लढाई तिच्याविरुद्ध करावी लागली. ती लढू शकल्या त्या खात्याच्या पैशावर न चालणाऱ्या संघटनाच. एखाद्या निधीने २००३ साली एक वर्षाचा प्रकल्प देऊन २००४ मध्ये ‘कायदा झाला का?’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘नाही’ असंच आलं असतं आणि त्या प्रकल्पावर अपयशाचा शेरा बसला असता.

मिळालेलं टिकवायलाही तितकीच वर्षं लागतात. गांबियात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ७३ टक्के स्त्रियांच्या जननेंद्रियांची बालपणी कापाकापी झालेली आहे. या प्रथेविरुद्ध ‘गॅमकोट्रॅप’सारखी संघटना १९८४ पासून गावागावांत बोलत होती. बंदीचा कायदा झाला २०१५ मध्ये, आणि त्याखालच्या पहिल्या शिक्षा झाल्या २०२३ मध्ये. लगेच २०२४ च्या मार्चमध्ये बंदी उठवण्याचं विधेयक संसदेत आलं. ५८ सदस्यांच्या त्या सभागृहात स्त्रिया होत्या पाच. पहिल्या टप्प्यावर विधेयक मोठ्या बहुमताने पुढे सरकलं होतं. तरी जुलैमध्ये ते फेटाळलं गेलं, कारण मधल्या महिन्यांत बायकांच्या संघटनांनी, डॉक्टरांनी, ज्यांनी हे सोसलं त्या मुलींनी एकेका सदस्याला गाठून बाजू मांडली. ज्या चळवळीने चाळीस वर्षं तग धरला तिच्याकडेच हे करण्याची माणसं आणि ओळखी होत्या. चार महिन्यांत अशी ताकद कोणत्याही अनुदानाने उभी राहिली नसती. ती आधीपासून असावी लागते, आणि ती असण्यासाठी शांततेच्या वर्षांतही कुणालातरी भाडं आणि पगार भरावे लागतात.

स्त्री-नेतृत्वाविषयी म्हणूनच जरा सावधपणे बोलायला हवं. रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २००८ पासून स्त्रियांचं बहुमत आहे, आज ते प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त आहे. जगात इतकं क्वचितच कुठे असेल. पण त्या देशात सरकारला न विचारता बोलणाऱ्या संघटनांना फारशी जागा नाही. पश्चिम आफ्रिकेने तर हा प्रकार आणखी आधी पाहिलेला आहे. घानात जेरी रॉलिंग्ज यांच्या राजवटीत त्यांच्या पत्नीच्या नेतृत्वाखाली ‘३१ डिसेंबर विमेन्स मूव्हमेंट’ उभी राहिली आणि स्त्री-प्रश्नाचं जवळजवळ सगळं सार्वजनिक अवकाश तिने व्यापलं. नायजेरियात १९८७ मध्ये लष्करशहाच्या पत्नी मरियम बाबांगिडा यांनी ग्रामीण स्त्रियांसाठी ‘बेटर लाइफ’ कार्यक्रम सुरू केला. अशा उपक्रमांतून विहिरी खोदल्या गेल्या, पाळणाघरं निघाली, हे खरं आहे. पण राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने वाटलेल्या पैशातून राष्ट्राध्यक्षाला प्रश्न विचारणारी चळवळ वाढू शकत नाही. नायजेरियन वंशाच्या विचारवंत अमीना मामा यांनी १९९५ मध्येच या साऱ्याची कठोर चिकित्सा केली. सत्तेच्या सावलीतल्या या बायका स्त्रीवादाचा पोशाख घालून लष्करी राजवटीला आधार देतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज राजवाड्यांऐवजी उद्योगसमूहांची प्रतिष्ठानं आहेत आणि त्यांच्या प्रमुखपदी अनेक कर्तबगार आफ्रिकन स्त्रिया आहेत. त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका नाही. पण त्यांच्या संस्थांच्या पैशातला किती भाग स्वायत्त स्त्री-संघटनांकडे जातो आणि कोणत्या अटींवर जातो, हा प्रश्न त्या बाई आहेत म्हणून विचारायचा राहू नये.

या सगळ्यावर आफ्रिकेतच वारंवार घेतला जाणारा आक्षेप असा की स्त्रीवाद ही परदेशातून आलेली कल्पना आहे आणि परदेशी पैसा हा त्याचा पुरावा आहे. यातली पहिली गोष्ट इतिहासाला धरून नाही. १९२९ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात, बायकांवरही कर बसणार या भीतीने, आबा आणि आसपासच्या हजारो इग्बो स्त्रियांनी ब्रिटिशांनी नेमलेल्या मुखियांच्या कचेऱ्यांना वेढे घातले. बाजारांतून आणि बायकांच्या सभांमधून निरोप गेले, गावंच्या गावं उठली. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. त्या उठावाला कोणत्या परदेशी संस्थेने अनुदान दिलं होतं? चाळीसच्या दशकात पश्चिम नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी बाजारात बसणाऱ्या हजारो बायकांची संघटना बांधली, कराविरुद्ध आंदोलन चालवलं आणि १९४९ च्या जानेवारीत तिथल्या राजाला गादी सोडायला लावली. पैशाच्या बाबतीतही आफ्रिकन स्त्रिया कधीच नुसत्या घेणाऱ्या नव्हत्या. घानात ‘सुसू’, नायजेरियात ‘एसुसू’, केनियात ‘चामा’, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकव्हेल’ या नावांनी चालणाऱ्या गटांमध्ये बायका दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने सगळी रक्कम एकीच्या हाती येते. मराठी घरांत भिशी जशी चालते तसंच हे. याच भांडवलावर खंडातला किरकोळ व्यापार चालतो, लग्नं आणि अंत्यविधी होतात, मुलींची शाळेची फी भरली जाते. या देण्याला दातृत्वाच्या अहवालांत जागा मिळत नाही, कारण ते देणाऱ्या बायका स्वतःच गरीब असतात.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. स्त्री-निधींचा बराचसा पैसा बाहेरून येतो, आणि त्यामुळे तो बंद करणं कोणत्याही सरकारला सोपं जातं. इथिओपियाने २००९ मध्ये कायदा केला की ज्या संस्थेच्या उत्पन्नात परदेशी पैसा १० टक्क्यांपेक्षा जास्त आहे तिने मानवी हक्क आणि स्त्री-पुरुष समता या विषयांवर काम करायचं नाही. १९९५ पासून हजारो बायकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या इथिओपियन स्त्री-वकिलांच्या संघटनेची खाती गोठली, कर्मचारी कमी करावे लागले, सल्ला केंद्रं आकसली. तो कायदा बदलला २०१९ मध्ये, म्हणजे मध्ये दहा वर्षं गेली. आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. भारतात परदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठी देणगी घेऊन ती लहान संघटनांमध्ये वाटणं हेच ज्याचं काम आहे अशा स्त्री-निधीला परदेशी पैशाच्या बाबतीत हे काम भारतात करताच येत नाही.

मग देशातल्या लोकांच्या देणग्यांवर चालावं, तर तोही मार्ग मोकळा नाही. नायजेरियात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या ‘सार्स’ पथकाच्या अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. त्याआधी काही महिनेच तरुण स्त्रियांनी ‘फेमिनिस्ट कोअॅलिशन’ नावाचा गट स्थापन केला होता. त्यांनी समाजमाध्यमांवरून देणग्या गोळा केल्या, जखमींचे उपचार, अटक झालेल्यांचे वकील, आंदोलकांचं जेवण-पाणी यांची व्यवस्था देशभर लावली, आणि जमाखर्च वेळोवेळी जाहीर केला. बँक खातं आणि पैसे स्वीकारण्याची ऑनलाइन सोय बंद पडली तेव्हा बिटकॉइनमधून देणग्या घेतल्या. सुमारे १४ कोटी ७० लाख नायरा जमले. लेक्कीच्या टोलनाक्यावर लष्कराने गोळीबार केल्यानंतर त्यांनी देणग्या घेणं थांबवलं, आणि पुढच्या महिन्यात मध्यवर्ती बँकेने आंदोलनाशी संबंधित काही जणांची खाती गोठवली. थोडक्यात, पैसा परदेशी असो की देशी, तो स्वायत्त चळवळीकडे जाऊ लागला की सत्तेला खुपतो. परदेशी पैशाचा मुद्दा अनेकदा फक्त सोयीचा असतो. तरीही मला या घटनेचं मोल फार मोठं वाटतं, कारण तरुण बायकांनी मागितलेल्या पैशाला नायजेरियाच्या मध्यमवर्गाने, देशातल्या आणि परदेशातल्या, दोन आठवड्यांत असा प्रतिसाद दिला. विश्वास आणि हिशेबाची पारदर्शकता असली तर आफ्रिकेत आफ्रिकन पैसा मिळतो, हे तिथे दिसलं.

श्रीमंतांकडून मात्र तो मिळत नाही. २०१० ते २०१९ या काळातल्या मोठ्या देणग्यांच्या ‘ब्रिजस्पॅन’ संस्थेने केलेल्या अभ्यासात आढळलं की आफ्रिकन देणगीदारांनी दिलेल्या मोठ्या रकमांपैकी जेमतेम ९ टक्के रक्कम आफ्रिकेतल्या स्वयंसेवी संस्थांकडे गेली. खंडाबाहेरच्या देणगीदारांचं प्रमाणही १४ टक्केच होतं, पण निदान ते जास्त होतं. आफ्रिकेतल्या धनवंतांनी देणं कमी केलेलं नाही. अलिको डांगोटे यांनी २०१४ मध्ये आपल्या प्रतिष्ठानाला १२५ कोटी डॉलरचा कायम निधी दिला. पॅट्रिस मोत्सेपे यांनी २०१३ मध्ये निम्मी संपत्ती दान करण्याची प्रतिज्ञा केली. पण हा पैसा मुख्यतः स्वतःच्या प्रतिष्ठानांतून आणि सरकारी यंत्रणेबरोबर आरोग्य, पोषण, शिक्षण, उद्योजकता अशा कामांवर जातो. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. सिमेंट, खाण, दूरसंचार, तेल हे धंदे सरकारी परवान्यांवर चालतात. ज्या मंत्र्याकडे परवान्याची फाइल आहे त्याच्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या संघटनेला धनादेश देणं परवडत नाही. समजण्यासारखं असलं तरी ते मान्य करून थांबता येणार नाही. दवाखाना बांधून देणाऱ्याने त्या दवाखान्यात सुरक्षित गर्भपाताची सोय असावी म्हणून झगडणाऱ्या बायकांनाही देणगी द्यायला हवी, निदान एखाद्या स्त्री-निधीमार्फत आपलं नाव मागे ठेवून तरी. असे निधी आता पंचवीस वर्षांपासून आहेत, आणि ते दात्याला राजकीय झळ लागू न देता पैसा पोचवू शकतात.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. बिनअट पैसा दिला तर तो उधळला जाईल, लहान संघटना मोठी रक्कम पेलू शकणार नाहीत. यावर अनुभव काय सांगतो? अमेरिकेतल्या देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी गेल्या काही वर्षांत शेकडो संस्थांना मोठमोठ्या रकमा जवळजवळ कोणतीही अट न घालता दिल्या. आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंडालाही २ कोटी डॉलर मिळाले. या देणग्यांचा परिणाम तीन वर्षं तपासणाऱ्या ‘सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी’ला गैरव्यवस्थेची किंवा कोसळण्याची भीती बहुतांशी निराधार आढळली. उलट, हिशेबाचं हत्यार विरोधकांच्या हाती कसं पडतं हे गांबियाने दाखवलं. गॅमकोट्रॅपच्या दोन प्रमुख कार्यकर्त्यांना २०१० मध्ये एका परदेशी देणगीच्या अपहाराच्या आरोपाखाली अटक झाली. खटला दोन वर्षं चालला आणि दोघीही निर्दोष सुटल्या. हिशेब द्यायलाच हवा, त्यात सवलत नको. पण ऑडिट झालेला जमाखर्च दाखवणं आणि वर्षाच्या सुरुवातीलाच किती बायका ‘सक्षम’ होतील याचा आकडा लिहून देणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली प्रामाणिकपणा तपासते. दुसरीमुळे संघटनेला खोटं लिहायची सवय लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आतून येतो. अक्रा, नैरोबी, डकार, जोहान्सबर्ग इथल्या निधी-संस्थाही मध्यस्थच आहेत. तिथल्या बायका उच्चशिक्षित, इंग्रजी किंवा फ्रेंच सफाईने लिहिणाऱ्या, परिषदांना जाणाऱ्या आहेत. लंडनचा दरवाजा बंद होऊन अक्राचा उघडला तरी उत्तर घानातल्या शेतमजूर बाईला तो दरवाजाच आहे. आणि निधी जितका मोठा होतो तितकी त्याला मोठ्या देणगीदारांच्या भाषेत बोलण्याची सवय लागते. हे खरं आहे, आणि एकदाच उत्तर देऊन ते संपत नाही. पण उपाय शोधलेही गेले आहेत. नैरोबीत २००९ साली सुरू झालेल्या ‘उहाई’ या निधीत, जो पूर्व आफ्रिकेतल्या लैंगिक अल्पसंख्याकांसाठी आणि देहविक्रय करणाऱ्यांसाठी काम करतो, अनुदान कोणाला द्यायचं हे त्याच समूहांतून आलेल्या कार्यकर्त्यांची समिती ठरवते. फ्रेंचभाषक देशांतल्या संघटना इंग्रजी अर्जांमुळे मागे पडतात म्हणून टोगोत ‘झोएसे’सारखा निधी उभा राहिला. समूहातल्याच कार्यकर्त्यांच्या समित्या, स्थानिक भाषेत तोंडी अर्ज, पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या गटांसाठी राखीव रक्कम, हे उपाय कठीण नाहीत. मध्यस्थ नकोत म्हणून हे निधीच नकोत, हा मात्र उलटा न्याय होईल. युरोपातलं एखादं मंत्रालय गावातल्या चाळीस बायकांच्या गटाला कधीच थेट धनादेश लिहिणार नाही. त्यांच्यामध्ये कोणीतरी असणारच आहे. ते कंत्राट घेणारी सल्लागार कंपनी असेल की ज्यांना त्या गटाचा रस्ता माहीत आहे अशा बायका असतील, एवढाच प्रश्न उरतो.

सरकारं हे नीट करू शकतात, हे २०१७ मध्ये नेदरलँड्सने दाखवलं होतं. ‘लीडिंग फ्रॉम द साउथ’ या योजनेत त्यांनी सुमारे ४ कोटी युरो आशिया, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतल्या स्त्री-निधींच्या हवाली केले आणि पुढे कोणाला द्यायचं ते त्यांच्यावर सोपवलं. आफ्रिकेचा वाटा अक्राच्या फंडाने वाटला. पण २०२५ मध्ये त्याच नेदरलँड्सच्या सरकारने मदतीत मोठी कपात करताना स्त्री-हक्कांच्या कामातून अंग काढून घेण्याचं धोरण जाहीर केलं. ब्रिटनने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचं ठरवलं. अमेरिकेची ‘यूएसएड’ त्याच वर्षीच्या जुलैत बंदच झाली. गर्भनिरोधक, एचआयव्हीची औषधं, हिंसापीडित बायकांसाठीची निवासगृहं, सगळीकडे तुटवडा आहे, आणि त्याच काळात गांबियातली बंदी रद्द करण्याची मागणी करणारा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आहे.

अशा वेळी जी रक्कम कमी झाली तेवढीच दुसऱ्या देशाकडून मागायची, ही वाट अपुरी आहे. आफ्रिकेतल्या स्त्री-निधींना स्वतःचं कायम भांडवल लागेल, ज्याच्या व्याजावर पगार आणि भाडं निघेल आणि जे कोणत्याही परदेशातल्या निवडणुकीवर अवलंबून नसेल. डांगोटे यांच्या एका देणगीचा दहावा भाग, म्हणजे साडेबारा कोटी डॉलर, खंडातल्या निधींमध्ये विभागला तरी २०१० साली जगभरातल्या ७४० संघटनांनी मिळून वर्षभरात जेवढं मिळवलं त्याहून तो जास्त भरेल. त्याच्या जोडीला मोबाइलवरून पन्नास-शंभर शिलिंग पाठवणारे हजारो देणगीदार लागतील. केनियात २०२४ च्या जूनमध्ये कर-विधेयकाविरुद्धच्या आंदोलनातल्या जखमींसाठी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी मोबाइलवरून कोट्यवधी शिलिंग जमले. त्या देणाऱ्यांमधल्या काही हजार लोकांनी दर महिन्याला एखाद्या स्त्री-निधीला तेवढीच रक्कम देणं सुरू केलं, तर एका जिल्ह्यातली एक वकील आणि एक कार्यकर्ती पुढची दहा वर्षं कामावर राहू शकतील, आणि त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर प्रकल्पाची मुदत लिहावी लागणार नाही.